पाऊण वेढा

वन्सं, तुमच्या तेराव्याच्या पंगतीत कुणीतरी मोठ्यानं ढेकर दिला आणि मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून मी मागच्या दारी पळाले. बायकांना वाटलं, रेखाला रडू आवरेना. दोघीतिघी पाठीवरनं हात फिरवायला आल्या. त्यांना काय सांगणार? नणंद गेल्याचं दुःख खोटं नव्हतं. पण त्या ढेकरासरशी तुम्ही मला आमच्या सोलापूरच्या घरात, हॉलमधल्या सतरंजीवर बसलेल्या दिसायला लागलात, आणि मग माझा इलाज चालेना.

तुमच्या ऑपरेशनची सगळी भानगड ढेकरावरूनच झाली होती. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

तुम्ही आमच्याकडं आलात त्या उन्हाळ्यात तुमची साठी उलटून गेली होती. आलात म्हणजे तुमच्या भावानं गाडी घेऊन सांगोल्याकडच्या तुमच्या वस्तीवर जाऊन तुम्हाला आणलं. खुरपायला वाकलं की घशाशी आंबट पाणी येतं, करडू उचलायला वाकलं की येतं, पाटातनं घागर उचलताना येतं, आणि रात्री आडवं पडलं की येतं म्हणून तुम्ही भिंतीला टेकून झोपायचात. सांगोल्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या तुम्ही वर्षानुवर्षं घेत होतात. त्यांनी जळजळ कमी व्हायची, पण पाणी वर यायचं ते यायचंच. त्यातून खोकला लागला. त्याच वर्षी दोनदा न्यूमोनिया झाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे पोटातलं पाणीच छातीत उतरतंय, आता सोलापूर गाठा.

दारात चप्पल काढताना तुम्ही म्हणालात, "बाळूनं धरून आनलं म्हनून आले गं रेखे. दोन दिस ऱ्हाती आनि जाती."

साठीला टेकलेल्या, कचेरीत साहेब म्हणवून घेणाऱ्या माझ्या नवऱ्याला बाळू म्हणणारं तुमच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तोवर आपली तरी कुठं ओळख होती? लग्नाला यायचं, मयताला यायचं, रात्र काढायची आणि सकाळच्या एसटीनं निघायचं. सासूबाई गेल्यापासून तुमचं माहेर म्हणजे आम्हीच होतो, पण माहेरपणाला म्हणून तुम्ही कधी आलाच नाहीत. शेरडं कोण बघणार, डाळिंबाची बाग कोण बघणार, हे तुमचं ठरलेलं.

तोंडातून दुर्बीण घालून तपासलं तेव्हा कळलं की जठराचा वरचा भाग पोट आणि छाती यांच्या मधल्या पडद्याच्या भोकातून वर सरकलाय आणि अन्ननलिकेला आतून जखमा झाल्यात. सर्जननी आणखी दोन तपासण्या सांगितल्या. एकीत अन्ननलिकेचा घास ढकलायचा जोर मोजायचा. दुसरीत नाकातून बारीक नळी घालून एक अख्खा दिवस ती तशीच ठेवायची, तिची वायर कमरेला बांधलेल्या छोट्या डबीला, आणि जळजळलं की डबीवरचं बटण दाबायचं. गोळ्या आधीच बंद केल्या होत्या, त्यामुळं तुमच्या घशाची नुसती आग होत होती. आणि वर डॉक्टर म्हणाले, "घरात पडून राहू नका, आजी. रोजच्यासारखं हिंडा, रोजच्यासारखं खा. तरच खरं काय ते कळेल."

नेमकं त्याच दिवशी शेजारच्या पद्माक्कांच्या मुलीचं लग्न होतं. आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू, मागं-पुढं सगळीकडं चादरी-टॉवेलचे माग. पद्माक्कांची आणि माझी वीस वर्षांची ऊठबस. मी म्हटलं, मी एकटी जाऊन अक्षता टाकून येते, तुम्ही थांबा. तुम्ही लुगड्याच्या निऱ्या झटकल्यात. "डाक्टर काय म्हनले? हिंडा. खा. मग लग्नापरीस बरी जागा कुटं घावंल?"

गालावर चिकटपट्टी, नाकातून नळी, वायर पदराखाली, आणि तुम्ही मांडवात पहिल्या रांगेत. लोक बघायचे आणि नजर वळवायचे. शेवटी पद्माक्कांच्या एका पाहुणीनं विचारलंच, "आजी, नाकात काय हो हे?"

"नथ हाय," तुम्ही म्हणालात. "मालक गेल्यावर काढून ठिवली हुती. आता डाक्टरनं घातली."

सगळा मांडव हसला. तुम्ही सगळ्यांत जास्त हसलात. भाऊजींना जाऊन किती वर्षं झाली होती, आणि त्यांच्याबद्दल मी तुमच्या तोंडून तोवर एक शब्द ऐकला नव्हता. तुमच्याकडं बघत राहिले तर तुम्ही भज्याचा तुकडा तोंडात टाकलात, थोडं थांबलात, आणि पदराखाली हात घालून म्हणालात, "दाबलं बघ बटन. जिलबी कुटाय?"

त्या दिवशीपासून तुम्ही मला आवडायला लागलात.

मग सर्जनकडचा तो दिवस. तुम्ही खुर्चीत, तुमचा भाऊ दुसऱ्या खुर्चीत, मी मागं उभी. ते शांतपणे समजावून सांगत होते. गोळ्या पुढं चालू ठेवता येतील, पण गोळ्या पाण्याची आंबटाई कमी करतात, पाणी वर यायचं थांबवत नाहीत. ऑपरेशन केलं तर पोटावर चार-पाच बारीक छिद्रं पाडून, दुर्बिणीतून, वर सरकलेलं जठर खाली ओढायचं, पडद्याचं भोक टाके घालून लहान करायचं, आणि जठराचाच वरचा मऊ भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळायचा. ते दाखवायला त्यांनी खिशातला रुमाल काढून आपल्या बोटाभोवती गुंडाळला.

"म्हंजे थंडीत मफलर गुंडाळत्यात तसं," तुम्ही म्हणालात.

"अगदी तसंच. आता हा मफलर दोन प्रकारे घालता येतो. एक पूर्ण वेढा." त्यांनी रुमाल बोटाभोवती पुरता फिरवला. "हा पक्का अडवतो. पण काहींना घास अडकल्यासारखा होतो, पोट फुगतं, ढेकर देता येत नाही. दुसरा पाऊण वेढा. पुढच्या बाजूला थोडी मोकळी जागा सोडायची. त्यात हे त्रास कमी, पण पुढंमागं थोडंफार आंबट येऊ शकतं, अधूनमधून गोळी लागू शकते. तुमच्या अन्ननलिकेचा जोर मध्यम आहे. दोन्ही चालतील. तुम्हाला काय वाटतं, आजी?"

"पूर्ण घाला डॉक्टर," तुमचा भाऊ म्हणाला. "एकदाचं पक्कं काम होऊन जाऊ दे."

तुम्ही त्यांच्या मनगटावर हात ठेवलात. आवाज चढवला नाहीत, काही नाही.

"थांब बाळू. त्यांनी मला इचारलंय."

वन्सं, त्या खोलीत मी उभी होते, आणि माझ्या मनात आलं की या बाईला आजवर कुणी काही विचारलं असेल का? शाळेतून काढलं तेव्हा नाही, लग्न ठरवलं तेव्हा नाही, भाऊजी गेल्यावर माहेरी यायचं की वस्तीवर राहायचं तेव्हाही थोरल्या दिरांनीच ठरवलं. आणि आता एक अनोळखी माणूस रुमाल हातात धरून तुमच्या उत्तराची वाट बघत बसला होता. तुम्ही घाई केली नाहीत.

"ढेकर येनार न्हाय म्हंजे? अजिबातच?"

"काहींना नाही येत. काहींना काही महिन्यांनी थोडा येतो."

"मग पोटातलं वारं जायाचं कुटं?"

"खालून," सर्जन म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. तुम्ही हसला नाहीत. "मी सांगती दोन-चार दिसात," म्हणालात आणि उठलात.

घरी येईपर्यंत गाडीत तुमचा भाऊ धुसफुसत होता. ढेकरासाठी कुणी ऑपरेशन बदलतं का, लोक ऐकतील तर काय म्हणतील. मीही त्यांच्याच बाजूची होते. मोबाइलवर वाचून वाचून माझं डोकं भरलं होतं. अन्ननलिकेभोवती चुंबकाच्या मण्यांचं कडं घालतात म्हणे, तेही मी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, आपल्याकडं ते सहसा होत नाही. तेव्हा करायचंच तर पूर्ण करावं, पुन्हा पुन्हा दवाखान्याच्या पायऱ्या नकोत, असं माझं म्हणणं. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात.

संध्याकाळी आपण दोघी शेंगा फोडत बसलो होतो. तुम्ही आपणहून सुरुवात केलीत. लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. पाऊस पडून गेला होता आणि शेरडं दावं तोडून शेजारच्या ओल्या लसूणघासात शिरली. पोट भरून खाल्लं. थोड्या वेळानं त्यातल्या चार शेळ्या फुगायला लागल्या. डावी कूस ढोलासारखी टम्म. "मालक त्येल पाजत हुतं, कुशी चोळत हुतं. म्हनत हुतं, एक ढेकर आला की वाचंल बघ. एक ढेकर येऊ दे. माझ्या मांडीवर डोकं हुतं एकीचं. तरनी पाट हुती, पैल्यांदाच गाभन. डोळं असं भाईर आलं हुतं. न्हाय आला ढेकर."

शेंगा तुमच्या मुठीत तशाच राहिल्या होत्या.

"मला तसं कोंडून मरायचं न्हाय, रेखे."

दुसऱ्या खेपेला हे मी सर्जनना सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. खुर्ची तुमच्याजवळ ओढून म्हणाले, "आजी, माणूस तसा मरत नाही. हे मी तुम्हाला खात्रीनं सांगतो. शेरडाचं पोट वेगळं, आपलं वेगळं. पण भीती बाळगून कशाला जगायचं? तुम्हाला पाऊण बरा वाटतो?"

"व्हय."

"मग पाऊण."

ऑपरेशन सरळ पार पडलं. शुद्धीवर आल्यावर तुम्ही पाणी मागितलं नाहीत, भाऊ कुठाय म्हणून विचारलं नाहीत. जड जिभेनं म्हणालात, "पाऊनच केलं न्हवं?"

त्यानंतरचे दिवस, वन्सं, मी आजही मनात घोळवते. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळं मी घरीच होते. आधी नुसती पेज आणि गाळलेलं वरण, घोट घोट करत. मग मऊ गुरगुट्या भात. वजन उचलायचं नाही, वाकून कामं करायची नाहीत. तुम्हाला बसून राहायची सवय नव्हती. पहिले चार दिवस तुम्ही पिंजऱ्यात घातल्यासारख्या या खोलीतून त्या खोलीत हिंडलात. पाचव्या दिवशी मी तुमच्या केसांना तेल लावायला बसले तेव्हा तुमची मान हळूहळू सैल पडली. "आईनंतर कुनी लावलं न्हाय," एवढंच म्हणालात. मग रोज दुपारी तेल लावायचं ठरूनच गेलं. ऑपरेशनच्या निमित्तानं का होईना, तुमचं माहेरपण झालं. माझंही झालं म्हणायला हरकत नाही. नणंद-भावजय असून आपण दिवसभर बोलत बसायचो आणि स्वयंपाकाला उशीर व्हायचा.

आणि ती कडक भाकरी! डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की इतक्यात कोरडं काही नको. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तेवढ्यात तुम्ही डबा उघडलात. खाली आले तर तुम्ही छातीवर बोट ठेवून उभ्या, डोळे विस्फारलेले, तोंडातून शब्द फुटेना. हातात चटणी लागलेला भाकरीचा तुकडा. मी घाईघाईनं दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाली, पाणी ओतू नका, ताठ बसवा, सावकाश चालवा, थोड्या वेळात नाही उतरलं तर लगेच घेऊन या. मी हाक मारली तशी पद्माक्का धावत आल्या. एका बाजूनं त्या, एका बाजूनं मी, आणि मधे तुम्ही. हॉलमध्ये आपल्या फेऱ्या सुरू झाल्या. पद्माक्का तेलुगूत देवाचा धावा करत होत्या. मला वाटत होतं, तुमच्या भावाला आता काय तोंड दाखवू.

अचानक तुम्ही थांबलात. श्वास घेतलात.

"गेला."

पद्माक्का मटकन खाली बसल्या. मी रागावायला तोंड उघडलं, तोच तुम्ही बोटं चाटत म्हणालात, "पर चटनी लई झ्याक झालीय गं. कुनी कुटली?"

त्यानंतर डब्याला मी कुलूप लावलं नाही एवढंच.

तो ढेकर आला तो त्याच्या पुढच्या आठवड्यात. दुपारचं जेवण झालं होतं, तुम्ही सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या होतात, मी ताटं उचलत होते. छोटासाच आवाज झाला. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत, जणू दुसरं कुणी तरी बोलणार आहे. मग मोठ्यानं हाक मारलीत, "बाळू! ए बाळू, भाईर ये!"

रविवार म्हणून ते उशिरा दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस, घाबरून तसेच धावत आले. "काय झालं आक्का?"

"आला!"

"कोण आलं?" ते दाराकडं बघायला लागले.

"ढेकर!"

असा हसलेला माझा नवरा मी लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा पाहिलेला नाही. फेसासकट तुमच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. परवा पंगतीत मला आठवलं ते हे, वन्सं. त्यांनीही तो ढेकर ऐकला असणार, कारण मी आत आले तेव्हा वाढता वाढता त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पटकन मान फिरवली.

पुढं तुम्ही वस्तीवर गेलात आणि वाकायला लागलात. फोनवर मला रोज सांगायचात, आज किती वाफे खुरपले, आज कुठलं करडू उचललं. डाळिंबाची पेटी एसटीतून यायची. खोकला गेला, न्यूमोनिया परत झाला नाही. दोन-तीन वर्षांनी मात्र कधीतरी आंबट यायला लागलं. रोज नाही, जागरण झालं किंवा लग्नाकार्यात जास्त जेवण झालं की. डॉक्टरांनी थोडे दिवस गोळी दिली, आणि आपला वाद पुन्हा पेटला.

"पूर्ण वेढा घातला असता तर ही वेळ आली नसती," मी म्हणायची.

"पूर्न घातला असता तर तुला फोन करून सांगायला काय ऱ्हायलं असतं?"

मी तुम्हाला आमच्या शाळेतल्या कुलकर्णी बाईंचं उदाहरण द्यायची. त्यांचा पूर्ण वेढा. एक गोळी नाही, काही नाही, मजेत आहेत. ढेकर येत नाही, पण त्यांना त्याचं काही वाटत नाही.

"त्यांच्याकडं शेरडं न्हवती," तुम्ही म्हणायचात.

मी हरले असं कधी म्हटलं नाही, आणि तुम्हीही म्हटलं नाहीत. वर्षातून चार वेळा तरी आपण हा वाद तिथूनच पुढं चालू करायचो. सर्जन पहिल्याच दिवशी म्हणाले होते की दोन्ही चालतील. त्यांचं म्हणणं आपल्या दोघींनाही पटलं नव्हतं, असं आता वाटतं.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली तेव्हा संस्थेचे लोक घरी आले होते. सोफ्यावर बसून मला विचारत होते आणि उत्तर हे देत होते. आता या वयात कशाला जबाबदारी, तब्येत सांभाळायला हवी, वगैरे. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "थांबा, मला विचारलंय त्यांनी." तुमचे भाऊ एकदम म्हणाले, "हे आक्काचं आहे." रागानं नव्हे, हसून. मी ती जागा घेतली. तुम्हाला फक्त बढती मिळाल्याचं सांगितलं होतं, ती कशी मिळाली ते नाही. फोनवर सांगण्यासारखं वाटलं नाही. भेटल्यावर सांगू म्हटलं.

तुम्ही गेलात ते पोटानं नाही. सकाळी शेरडाची धार काढून आलात, थोरल्या दिरांच्या सुनेला चहा टाकायला सांगितलंत आणि ओट्यावर बसलात. चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, काही कळलंसुद्धा नसेल. तुमचे भाऊ लहान पोरासारखे रडले. त्यांना बाळू म्हणणारं आता खरंच कुणी नाही.

आधीच्या महिन्यात मी एकटी तुमच्याकडं राहायला आले होते. ते किती बरं झालं. बरोबर नवरा नाही, लग्न नाही, मयत नाही, काही निमित्त नाही. तुम्ही वांग्याची भाजी केलीत, भाकऱ्या थापल्यात, आपण भरपूर जेवलो. दुपारी तुम्ही बागेच्या कडेला लिंबाखाली घोंगडी अंथरलीत आणि म्हणालात, "पड जरा." मी पडल्या पडल्या ठरवत होते, आता मुख्याध्यापिकेची गोष्ट सांगायची. पहिल्या वाक्याची जुळवाजुळव करता करता माझाच डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. डाळिंबाच्या झाडांना लालभडक कळ्या आल्या होत्या. एक शेळी घोंगडीच्या टोकाशी रवंथ करत बसली होती. तुम्ही उताण्या, सपाट पडला होतात, डोक्याखाली उशीसुद्धा नाही, एक हात पोटावर, तोंड किंचित उघडं, आणि बारीक घोरत होतात. मी उठून बसले. तुमच्याकडं बघत राहिले. आत्ता उठवावं आणि सांगावं, असं दोनदा मनात आलं.

नाही उठवलं, वन्सं. तुम्हाला इतकी छान झोप लागली होती.